हापूस फोर आणि सदाची जागा

आमच्या बँडचा एक किस्सा काढला की मागून तीन येतात आणि चहा तसाच थंड होतो. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत रॉक अँड रोल वाजवणारा एकच बँड होता, आमचा 'हापूस फोर'. बाकी कुणी धजावलंच नाही!

गिटारवाला सदा बोटीवर खलाशी. इलेक्ट्रिक गिटार आणि चार कॅसेटी त्यानेच परदेशातून आणल्या. अंतू गायचा, बंड्या बेसवर, मी ड्रमर. सुरुवातीला ड्रम नव्हते, म्हणून पॅकिंग शेडमधल्या आंब्याच्या रिकाम्या पेट्या बडवायचो. पेटीत पेंढा राहिला की आवाज दबायचा. शेडचे मालक नाना म्हणाले, "मग सगळ्यांत भरा की रे पेंढा!"

*

पाली गावात पूजेच्या प्रोग्रामात गाणं रंगात आलं आणि लाईट गेली. गिटार मुकी, माइक मुका. मी ड्रम चालूच ठेवले. लाईट आली तेव्हा बायका तालावर फुगड्या घालत होत्या! अंतू गाऊ लागला, तर एक काकी म्हणाली, "तू जरा थांब रे बाबा!"

*

सदा वर्षातले नऊ महिने समुद्रावर. लोक म्हणायचे, दुसरा गिटारवाला बघा. अंतू म्हणायचा, "आणि सदा आला की बसेल कुठे?"

म्हणून स्टेजवर त्याची खुर्ची रिकामी ठेवायची आणि गाण्यातला त्याचा तुकडाही रिकामा सोडायचा. मी नुसता ठेका धरायचो. तेवढ्या वेळात मला सदा दिसायचा, लांब कुठेतरी डेकवर उभा. आम्ही सगळे त्याच्यासोबत तरंगतोय असं वाटायचं. फार बरं वाटायचं.

केळशीच्या उत्सवात एका म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे मच्छीमार होडीच्या कप्तानाने, त्या रिकाम्या जागेत आदल्या वर्षी ऐकलेली सदाची धून शिट्टीवर वाजवली. पुढच्या वर्षी अख्खी केळशी वाजवू लागली! सदाला कळवलं. त्याचं पत्र आलं, "वरचा सूर नीट लावतात ना?"

*

मग बोटीवरच्या यंत्राने सदाच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली. त्याने गिटार माझ्या घरी आणून ठेवली. "माझी खुर्ची काढा आता," म्हणाला. मला रडू आलं. बँड संपला असंच वाटलं.

तरी केळशीच्या उत्सवाला त्याला ओढून नेलं. संध्याकाळचं ऊन होतं. तो खुर्चीत बसला, डावा हात खिशात. त्याचा तुकडा आला. मी ठेका धरला. केळशीने शिट्ट्यांवर पूर्ण धून वाजवली. सदाने डोळे मिटले होते.

मग उठला, माइकपाशी आला.

"वरचा सूर कमी पडतोय तुमचा. उद्या सकाळी सगळ्यांनी प्रॅक्टिसला यायचं हां!"