रादिमच्या जावाचा नवा सायलेन्सर

सायलेन्सर बनवणाऱ्या अलोइस माखाचेकच्या हातून आयुष्यात एकच नळी बिघडली, आणि नेमकी तीच त्याच्या मुलाने हट्टाने लावून घेतली. विशीतल्या रादिमने भंगारातली जुनी जावा मोटारसायकल उभी केली होती. तिला उजवीकडून वर गेलेला एकच सायलेन्सर त्याला हवा होता. वाकवण्याआधी नळीत कोरडी वाळू ठासून भरावी लागते. अलोइसने घाई केली आणि वळणाच्या पोटात चुणी पडली.

"फेकतो ही. दुसरी करू."

"राहू दे, बाबा. तुझी एक तरी चूक माझ्याकडे असू दे."

त्या चुणीने गाडीचा आवाज घोगरा आणि अडखळता झाला. टेकडीवरच्या क्रूसापाशी तो ऐकू आला, की त्याची आई लिबुशे बटाट्याचे गोळे उकळत्या पाण्यात सोडी. मुलगा दारात येईतो ते शिजून वर आलेले असत.

पुढे रादिमला रक्ताचा आजार जडला. गाडी ओलसर पडवीत उभी राहिली, आणि ज्या हिवाळ्यात तो गेला, त्याच हिवाळ्यात सायलेन्सर गंजून गळाला.

त्या खोऱ्यात वसंतात पाद्री मोटारसायकलींवर पवित्र पाणी शिंपडतो. नंतर वर्षभरात गेलेल्या सोबत्याच्या घरापुढे सगळे थांबतात, आपापली इंजिने बंद करतात आणि फक्त त्याची गाडी चालू ठेवतात. रादिमचा मित्र वीत मार्चमध्ये आला.

"काका, जावा मी आणतो दारात. सायलेन्सर मात्र तुमच्याच हातचा पाहिजे."

अलोइसने होकार दिला, आणि मनाशी एक ठरवलेही. तो घोगरा आवाज ऐकून लिबुशे सवयीने चुलीकडे धावली, तर पुढचे त्याला पाहवणार नव्हते. तिला विचारावे असे त्याला सुचले नाही. दुःखी माणसाचे भले त्याच्या शेजारच्याला अधिक कळते, असे तो धरून चालला. त्याने वाळू भट्टीवर सुकवली, नळी ठोकत ठोकत भरली, लाल तापवून सावकाश वाकवली. वळण निर्दोष आले. मागचा डबा त्याने लांबवला, आत आवाज दाबणारे दुप्पट पडदे घातले. जुन्या नळीचे इंजिनाला बसणारे कडे तेवढे कापून घेतले. उरलेली भंगारवाला घेऊन गेला.

"काका, ही तर मांजरासारखी घुरघुरते," वीत म्हणाला. "रादिमची गाडी गावातल्या कोंबड्यांना अंडी घालू देत नव्हती."

"वय झालं तिचं. शहाणी झालीये."

पाणी शिंपडायच्या रविवारी लिबुशेने सकाळपासून खिडकी उघडी ठेवली होती. चुलीवर पाणी उकळताना पाहून अलोइस चरकला. दारापुढे गाड्या थांबल्या, इंजिने बंद झाली. एकच चालू राहिले; खोल, एकसारखे. लिबुशे गोळ्यांचे ताट हातात धरून ऐकत राहिली.

"त्याची कधी आणणार?"

"हीच त्याची."

"काहीतरीच काय सांगतोस, अलोइस."

त्याने मान खाली घातली. "तुला त्रास होईल, म्हणून मी नळी बदलली."

"जुनी कुठाय?"

"भंगारवाल्याने नेली."

"तो गेलाय हे मला ठाऊक नाही, असं वाटलं तुला?" ती म्हणाली. "एकदा ऐकायचं होतं फक्त."

ताट तिने तसेच ओट्यावर ठेवले.

उन्हाळाभर अलोइस वाळू मुद्दाम सैल भरून नळ्या वाकवत राहिला. चुणी दर वेळी पडे. वीत नवी नळी लावून क्रूसापासून गाडी खाली आणी. खिडकीतली लिबुशे शेवटपर्यंत ऐकून घेई, आणि नाही म्हणून मान हलवी.