पोथीत नसलेला अध्याय

हे आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. नवऱ्याला सांगायचा प्रश्नच नव्हता, लग्नच केलं नाही. बहिणीला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या राजापुराला कळलं असतं. देवाला सांगावं, तर देवाशी माझं बोलणं तेव्हाही नव्हतं नि आताही बेताचंच आहे. मग राहिलात तुम्ही. तोंड दिसत नाही त्या माणसाला सांगणं सोपं असतं म्हणतात — बघू या. लिहायला बसल्यापासूनच जरा हलकं वाटायला लागलंय, हेही आधीच सांगून टाकते. मी फार यातना सोसत लिहितेय असं तुम्हाला वाटायला नको.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मी सिल्वासाला सरकारी मराठी शाळेत शिकवत होते. सकाळची शाळा. राहायला नदीपलीकडे नरोलीला, पत्र्याच्या दहा खोल्यांची एक ओळ होती, तिथे. बाकीच्या खोल्यांत बहुतेक खानदेशातली कुटुंबं — पुरुष मसाटच्या कारखान्यांत पाळीवर, बायका घरी. किराणावाला मला 'टीचरबेन' म्हणायचा, या बायका नुसतं 'बाई'. माझ्या भिंतीला लागून लीलावहिनींची खोली. नवरा निंबाभाऊ, धाग्याच्या कारखान्यात. दोघांची एकुलती एक मुलगी रंजना, माझ्याच वर्गात, दुसरीत. मला ओळीत मान होता. कुणाचं पत्र वाचून दाखव, कुणाचा फॉर्म भर. आणि मान मिळाला की डोकं कसं फिरतं, ते माझ्याकडे बघून शिकावं.

कधीमधी रविवारी दुपारी निंबाभाऊ सिल्वासाहून भाड्यानं व्हीसीआर आणायचे. पिक्चर देवाचा असला की बायका चपला बाहेर काढून आत यायच्या. टीव्हीला हळदकुंकू, पुढे उदबत्ती. पडद्यावर देव प्रकट झाला की सगळ्यांचे हात जोडलेले, लीलावहिनींच्या डोळ्यांना धार. मी दारात उभी राहून हसायची. मोठ्यानं नाही — गालातल्या गालात. ते जास्त वाईट, नाही का? कारण मी स्वतः काय करत होते? वापीला जाऊन अंधारात पिक्चर बघून पदर ओला करून यायची. मी रडले तर ती रसिकता, त्या रडल्या तर तो अडाणीपणा.

आणि माझी एक कादंबरी होती. नाव सांगत नाही, तुम्ही शोधाल. वापी स्टेशनवर जुन्या पुस्तकांत मिळालेली, कव्हर फाटलेलं. माझी आई गेली तेव्हा आमचा अबोला होता. मी बदली घेऊन इतक्या लांब आले म्हणून ती चिडलेली, आणि तिच्या शेवटच्या पत्राला मी मुद्दाम उत्तर दिलं नव्हतं. नंतर कितीतरी महिने मला जेवण जात नव्हतं. तेव्हा त्या कादंबरीतलं एक पान हाती लागलं. एक आई असते. तिनं मुलाला मारलेलं असतं, मूल रुसून झोपतं आणि तापात जातं. आई वेड्यासारखी होते. मग गावातली एक म्हातारी तिच्याजवळ बसते आणि सांगते — लेकरं रुसून झोपतात, पण रुसवा घेऊन उठत नाहीत; जिथे उठलं असेल तिथे ते तुला हाक मारतच उठलं असेल. बस, एवढंच. ते पान मी किती वेळा वाचलं असेल? पुस्तक टेबलावर ठेवलं की आपोआप त्या पानावर उघडायचं. त्या पानानं मला उठवलं, जेवायला बसवलं, शाळेत पाठवलं. देव मानत नव्हते, पण ते पान मानत होते.

त्या वर्षी श्रावणाच्या आधी रंजना गेली. कावीळ झाली, आठ दिवसांत संपलं. हजेरी घेताना तिच्या नावाशी माझी जीभ अडायची. पण माझं सोडा. लीलावहिनींनी बोलणं टाकलं. आजारपण कळायच्या आदल्या दिवशी पोरगी ताटावर बसेना, 'नको' म्हणत होती, म्हणून त्यांनी तिला एक ठेवून दिली होती. पोरगी भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवसापासून ताप, आणि मग तिला शुद्ध अशी फारशी राहिलीच नाही. भूक काविळीनं मेली होती आणि आपण तिला ताटावरून मारलं — हे एकच त्या बाईच्या डोक्यात. हात बघत बसायच्या. निंबाभाऊ पाळीवरून येऊन स्वतः भाकऱ्या थापायचे.

ओळीतल्या बायकांनी ठरवलं, वहिनींसाठी पोथी लावायची. एकवीस दिवस, रोज एक अध्याय. वाचणार कोण? मीच, दुसरं कोण. मी आधी नाही म्हटलं, मग निंबाभाऊ येऊन नुसते उभे राहिले, तेव्हा हो म्हटलं. रीत अशी — पोथी चौरंगावर, तांबड्या फडक्यात. वाचणारीनं पाटावर बसायचं, ऐकणाऱ्या बायकांनी समोर, मुठीत अक्षता धरून. अध्याय संपेपर्यंत मूठ सोडायची नाही, उठायचं नाही. आणि उघडलेल्या पोथीत वाचणारीशिवाय कुणी डोकवायचं नाही. मी आधी ओव्या म्हणायची, मग त्यांचा सोप्या भाषेत अर्थ सांगायची. शेवटी बायका पोथीच्या पाया पडायच्या, आणि माझ्याही. मला संकोच वाटायचा म्हणून सांगू? पहिले दोन दिवस वाटला. नंतर पाय आपोआप पुढे व्हायचे.

आठ दिवस वाचलं. वहिनी पुतळ्यासारख्या बसायच्या. मला कंटाळा आला होता. पत्रा तापलेला, शाळा करून आलेली, त्या जुन्या ओव्या, तेच ते चमत्कार. शाळेत माझ्याबरोबर एक बाई होत्या, माझ्याच तालमीतल्या. त्यांना मी म्हटलं, या बायकांना पोथी काय नि वर्तमानपत्र काय, सारखंच. त्या म्हणाल्या, बघा की करून.

इथे मला थांबून बरं काहीतरी सांगता आलं असतं. वहिनींचं दुःख बघवलं नाही, म्हणून मी ते पान निवडलं — वाचायला किती छान वाटलं असतं. तसं नव्हतं हो. नवव्या दिवशी मी कादंबरी पोथीत घालून नेली ती गंमत म्हणून. चौरंगावर उघडली आणि ती आपल्या सवयीनं त्या पानावर उघडली. मी निवडलंसुद्धा नाही. 'कोणे एके नगरी एक माउली होती' असं स्वतःचं जोडून सुरुवात केली, नावं गाळली, आणि वाचत गेले. मनात काय? उद्या शाळेत कसं रंगवून सांगायचं, ते.

म्हातारीचं वाक्य आलं आणि समोरून एक आवाज आला. मी वर बघितलं. लीलावहिनी रडत होत्या. पोरगी गेल्यापासून पहिल्यांदा. मूठ मात्र सोडली नव्हती — अध्याय संपायचा होता ना. शेवटी मूठ उघडली तर अक्षतांचे दाणे तळव्यात रुतले होते. त्या दिवशी त्यांनी भाकरी खाल्ली. रात्रपाळीला निघालेल्या निंबाभाऊंना डबा भरून दिला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "बाई, काल पोथीनं मले नाव घेऊन हाक मारली." आणि मी? त्याच दिवशी मधल्या सुट्टीत त्या दुसऱ्या बाईंना सगळं सांगितलं होतं, आणि आम्ही दोघी हसलो होतो. 'नाव घेऊन हाक मारली' हे नंतर कळलं, पण हसणं होऊन गेलेलं होतं.

एवढंच असतं तर हे लिहायला बसले नसते. बाई बरी झाली, पुस्तक कुठलं का असेना — तुम्हीही असंच म्हटलं असतंत, मीही म्हणत होते. खरी गोष्ट पुढे आहे. तिच्याभोवती मी आता इतका वेळ फिरतेय ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

दोनेक वर्षांनी लीलावहिनी गावी गेल्या, अमळनेरकडे. तिथे त्यांच्या जावेचं मूल गेलं होतं. वहिनींनी तिला जवळ घेऊन तो अध्याय सांगितला. जाऊ म्हणाली, मलाही वाचून दाखवा. पोथी वाचणाऱ्या गृहस्थांना बोलावलं. त्यांनी पोथी उलटीपालटी केली — असा अध्यायच नाही. घरभर माणसं. सासू म्हणाली, पोर गेल्यापासून हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, काहीबाही ऐकू येतं हिला. जावेनं हात सोडवून घेतला.

वहिनी परत आल्या त्या एस.टी.तून उतरून थेट माझ्या दाराशी. पिशवी खांद्याला, पोथी छातीशी. ओळीतल्या चार बायका मागोमाग. "बाई, तो अध्याय दाखवून द्या. तुम्हीच वाचला होता."

कादंबरी माझ्या मागे कपाटात होती. हात लांब केला असता तर पोचला असता. काय गेलं असतं माझं? मान गेला असता. 'बाई'नं पोथीत दुसरंच पुस्तक घालून आपल्याला बनवलं, आपल्या मेलेल्या पोरीवर बनवलं — हे कळलं असतं. मी पोथी हातात घेतली. पानं उलटली, सावकाश, शोधल्यासारखी. बघा, नाटकसुद्धा केलं. आणि म्हटलं, "वहिनी, असं काही नाही यात. तुम्ही तेव्हा फार दुःखात होतात. माणसाला काहीही ऐकल्यासारखं वाटतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. भांडल्या नाहीत. वाचता येणाऱ्या बाईनं सांगितलं म्हणजे तसंच असणार. पोथी फडक्यात बांधली आणि गेल्या. मागच्या बायकांपैकी कुणीतरी 'च्च' केलं, ते त्यांच्यासाठी होतं. त्यानंतर ओळीत लीलावहिनी काही सांगू लागल्या की बायका एकमेकींकडे बघायच्या. वहिनींनाही ते दिसायचं. त्या वाक्य अर्धं सोडून द्यायच्या.

ही माझी गोष्ट. एका बाईला तिच्या स्वतःच्या कानांवर अविश्वास धरायला लावला, आणि तोही मी — जिचं जेवण त्याच पानानं परत आलं होतं.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे साक्षरतेचे वर्ग निघाले, दुपारचे. पहिलं नाव लीलावहिनींनी घातलं. मला वाटलं, सही शिकायची असेल. त्यांनी सहीवर वेळ घालवलाच नाही. जोडाक्षरांसाठी माझ्या मागे लागायच्या. दीड वर्ष. 'क्ष' कसा, 'ज्ञ' कसा, ओवी कुठे तोडायची. मी शिकवत होते आणि त्या कशासाठी शिकतायत ते मला ठाऊक होतं. तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी सांगायचं. मलाही रोज तसंच वाटायचं.

एके दिवशी वर्ग सुटल्यावर त्या मागे थांबल्या. म्हणाल्या, पोथी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, बोट ठेवून, दोनदा. "नाही सापडला, बाई. मग म्हटलं, देवानं माह्या एकटीच्याच कानात सांगितला असंन." आणि हसल्या. मनापासून, मोकळ्या. त्यांचं त्यांनी निस्तरलं होतं, माझी वाट न बघता.

मी म्हटलं, "असेल." फळा पुसायला वळले.

पुढे तो कारखाना बंद पडला आणि निंबाभाऊ बिऱ्हाड घेऊन गावी गेले. निघताना वहिनींनी मला ती पोथी दिली, तुम्हीच वाचली म्हणून. ती माझ्याकडे आहे, कादंबरीच्या शेजारी. आता खरं बोललं तर त्यांचा देव हिरावला जाईल, म्हणून गप्प राहिले — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. चांगलं दिसतं ते. पण पहिल्यांदा गप्प बसले तेव्हा त्यांच्या देवाचा विचार माझ्या मनात आला नव्हता, माझाच आला होता.

आज सकाळी दोन्ही पुस्तकं टेबलावर काढली. कादंबरी अजूनही त्याच पानावर उघडते. मोठ्यानं वाचून बघितलं, रिकाम्या खोलीत. आवाज नीट लागला, अडला नाही. किती वर्षांनी बरं वाटलं, काय सांगू. चहा टाकला आणि हे लिहायला बसले.

लीलावहिनी, तुमच्या कानांत काही दोष नव्हता. ते वाक्य होतं. नवव्या दिवशी, दुपारी, तुमच्यासमोर पाटावर बसून मी ते वाचलं होतं.