डब्याचं बूड बघणारे व्याही

बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या बाजारपेठांत भावात मला हरवणारा माणूस एकच निघाला, आणि त्याला भाव करता येत नाही. हे माझे व्याही, माझ्या मुलीचे सासरे. मी सायकलच्या कॅरिअरला बादल्या बांधून वडगावच्या गल्ल्यांतून ओरडत फिरलेला माणूस. आज बेळगावात माझं प्लास्टिकच्या मालाचं घाऊक दुकान आहे, आणि त्यातला एक चमचाही मला कुणी फुकट दिलेला नाही. माल पाठवणारे माझ्याशी फोनवर बोलण्याआधी पाणी पिऊन घेतात, असं ऐकतो. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो असंही म्हणतात, आणि ते खरं आहे. व्याह्यांवरचा राग तर लग्नापासून माझ्याकडे मुक्कामालाच आहे.

पहिल्यांदा ते आमच्याकडे आले ते मुलगी बघायला. बाकीची मंडळी मुलीकडे बघत होती. हे मात्र पाण्याचा रिकामा जग उलटा करून त्याचं बूड बघत होते. प्लास्टिकच्या भांड्याच्या बुडाला छोट्या त्रिकोणात एक आकडा असतो. प्लास्टिक कुठल्या जातीचं ते त्यावरून कळतं. जगानंतर चिवड्याचा डबा झाला, मग मिठाची बरणी. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "पावणं, तुमच्या घरात लई आकडं हाईत." मला वाटलं, आता देण्याघेण्याची भाषा सुरू होणार. मी मांडी सावरून बसलो. पण त्यांचं मागणं काहीच नव्हतं. काही न मागणाऱ्या गिऱ्हाइकाची मला नेहमीच भीती वाटते.

ती भीती लग्नात खरी ठरली. मी रुखवत मांडलं ते असं, की निपाणीतल्या बायका बोटं तोंडात घालून उभ्या. दुकानातला अव्वल माल, डब्यात डबा बसणारा, झाकणांचे रंग शालूशी जुळणारे. जेवणावळी उठल्या आणि व्याह्यांनी बाह्या सारून एकेक नग उचलला आणि माझ्याच टेम्पोत परत चढवला. "लेक दिलीसा, उपकार झालं. ह्ये मात्र ऱ्हाऊ दे." सगळ्या भाऊबंदांसमोर! माल परत येणं म्हणजे काय, हे ज्यानं धंदा केला त्यालाच कळतं. तो टेम्पो बेळगावला येईपर्यंत मी ड्रायव्हरशीसुद्धा बोललो नाही.

कारण पुढे कळलं. प्लास्टिकमधली काही रसायनं अन्नात उतरतात आणि माणसाच्या अंगावर चरबी चढवायला हातभार लावतात, असं त्यांनी कुठं कुठं वाचलं होतं, आणि वाचलेलं ते अंगाला लावून घेतात. चहाच्या गाड्यावर जाताना पिशवीत स्वतःचा स्टीलचा पेला. कागदी कपालाही आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, हे ते चहावाल्याला, चहावाल्याच्या गिऱ्हाइकांना आणि गाड्याला टेकून उभ्या असलेल्या रिक्षावाल्यांना ऐकवतात. हॉटेलात कुणी उकळतं सांबार पिशवीत बांधून नेताना दिसलं, की समोरून तिरडी चालल्यासारखी डोक्यावरची टोपी काढतात. बिलाच्या, तिकिटाच्या मशीनमधून निघणारा गुळगुळीत कागद ते बोटांनी धरत नाहीत. त्याच्यावरच्या थराचं रसायन कातडीतून आत जातं म्हणे. एकदा माझ्यासोबत बसमध्ये होते. कंडक्टर तिकीट पुढे करून उभा आणि हे हात मागे बांधून. "अज्जा, टिकेट तगोरी!" कंडक्टर खेकसला. तिकीट घ्या, एवढंच तो कानडीत सांगत होता. व्याह्यांनी छाती पुढे केली आणि शर्टाच्या खिशाकडे हनुवटीनं खूण केली. सगळी बस बघत असताना त्या बिचाऱ्यानं हार घातल्यासारखं तिकीट त्यांच्या खिशात सोडलं. मी खिडकीबाहेर बघत, हा माणूस माझ्या ओळखीचा नाही अशा थाटात बसलो, तर हे मोठ्यानं म्हणाले, "आमच्या पावण्यांचंबी खिशातच घाला."

माझी मुलगी लहानपणापासून अंगानं भरलेली. शाळेत पोरी तिला 'टाकी' म्हणायच्या, बापाच्या दुकानासमोर टाक्या रचलेल्या असायच्या म्हणून. आमच्या मुलापेक्षा ती नेहमीच कमी खायची, हे तिच्या आईनं मला अनेकदा सांगितलं होतं. पण वजन म्हणजे जमा-खर्च असंच मी धरून चाललो होतो. तोंडातून आत गेलं ते जमा, घामातून गेलं तो खर्च. बाकी उरली ती अंगावर. एवढा सोपा हिशेब चुकेलच कसा?

तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे. आम्ही खोलीला रंग दिला, पाळणा काढून धुतला. आणि तिला आणायला जायच्या आदल्या आठवड्यात व्याही एकटेच दुकानात आले, आणि बादल्यांच्या चळतीशेजारी स्टुलावर बसले.

"पावणं, सूनबाई यायच्या आदी तुमच्या सैपाकघरातलं प्लास्टिक भाईर काडा. न्हायतर बाळंतपण निपाणीत हुंदे."

पोर पहिल्या बाळंतपणाला माहेरी न येणं म्हणजे गावभर काय बोललं जातं, हे मी सांगायला नको. माझं टाळकं सरकलं. पण धंद्याची सवय जात नाही; मी भावाला बसलो.

"गरम तेवढं स्टीलमध्ये ठेवतो. झालं?"

"समदं."

"पाण्याच्या बाटल्या काढतो. फ्रिजमधलं ऱ्हाऊ दे."

"समदं."

"लोणच्याची बरणी तरी? तिनं कुणाचं काय वाकडं केलंय?"

"लोणचं आंबट, त्यात तेल. ती तर पयली."

भावातला शेवटचा डाव म्हणजे ताडकन उठून चालायला लागणं. मी उठलो, पायात चपला घातल्या, आणि लक्षात आलं की दुकान माझंच आहे. परत बसावं लागलं.

"म्हंजे माझ्या मालानं माणसं जाड हुतात म्हणा की!"

"एकट्यानं न्हाय. खाणं हाय, बसून ऱ्हाणं हाय, आईबापाकडनं आलेलं हाय. पण ह्येबी हाय. किती, ते अजून कुणाला नीट मापता आलं न्हाय." मग गोदामाकडे बोट करून म्हणाले, "तुमच्या गोदामाच्या किल्लीसारखी किल्ली कुणी करून घेतली, आणि माल उतरवत ऱ्हायला, तर? तुम्ही म्हणणार, मी तर मागवलाच न्हवता. अंगातबी चरबी साठवायचं कुलूप असतंय. ही रसायनं त्याच्या किल्लीसारखी दिसत्यात. आणि पोटातल्या पोराचं तर गोदामच बांधायचं चाललेलं असतंय. बांधतानाच खोल्या वाढल्या, तर पुढं कोण काय करणार?"

मी नको ते बोललो. व्याह्यांचं निपाणीत पिकावरच्या फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. बायको गेल्यावर त्यांनी ते बंद केलं. "जन्मभर इख, जहर विकलंसा," मी म्हणालो, "आणि आता मला शिकवाय आलासा व्हय?"

"म्हणूनच आलोय," ते म्हणाले.

दुकानातली दोन गिऱ्हाइकं निघून गेली. व्याही गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

"आमची कारभारीण अंगानं लई थोर हुती. पण ती खात न्हवती हो. लग्नकार्यात पानावर बसली, की बायका तिच्या पानाकडं बघायच्या. मग ती अर्ध्यातनं उठायची. घरात येऊन पाणी प्यायची. मीबी म्हणायचो, कमी खा. घर दुकानाच्या मागंच. औषधाची रिकामी डबडी धुऊन त्यात डाळ भर, असं मीच तिला सांगायचो. त्यामुळं तिचं अंग सुटलं का न्हाय, ते डॉक्टरलाबी सांगता येत न्हाय. मला तर न्हायच. जन्मभर अर्धपोटी ऱ्हायली ती, पावणं. आणि गेली तवा दारात बसलेली माणसं म्हणत हुती, लई खायाची बाई, खाऊन गेली."

मी इतकी वर्षं माणसांच्या चेहऱ्यावरून त्यांचा शेवटचा भाव ओळखत आलो. त्या दिवशी समोरच्या चेहऱ्यावर भावच नव्हता. त्यांनी किंमत केव्हाच मोजून टाकलेली होती.

घरी जाऊन मी स्वयंपाकघर मोकळं करायला काढलं. बायको कमरेवर हात ठेवून उभी. "स्टीलचे डबे घ्या म्हणून मी कित्ती वर्षं सांगतेय! तेव्हा घरचा माल असताना पैसे कशाला, म्हणत होता. आणि आता व्याही म्हणाले की लगेच!" तिचा तो राग अजून उतरलेला नाही. आमच्या घरात राग टिकाऊच असतो.

मुलगी आली. व्याहीच तिला घेऊन आले. दुपारी आम्ही ओळीनं जेवायला बसलो. वाढायला तिची आई. मुलीनं ताटातलं संपवलं, क्षणभर थांबली, आणि म्हणाली, "आई, भात घाल गं अजून. आमटीबी."

माझ्या घरात तिला पुन्हा मागताना मी कधी ऐकलं नव्हतं. आईचा भाताचा डाव ताटावर गेला, आणि सवयीनं माझी नजरही तिकडेच निघाली. व्याही शेजारी होते. हळूच म्हणाले, "सावकाश जेव बाळ. कोण बघत न्हाय."

आणि त्यांनी मान खिडकीकडे वळवली. मीही वळवली. ज्या बाईला मी कधी पाहिलं नाही, तिला कुणी एकदा तरी असं म्हणालं असतं, तर ती पानावरून पोट भरून उठली असती का, असं मनात येत होतं. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. मागे भात कालवल्याचा आवाज येत होता. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.