दोन सूर खाली

इक्बालचा फोन आला तेव्हा मी चिपळूणच्या बाजारात बांगडे निवडत होतो. "सदा गेला," तो म्हणाला. सकाळी सदाने दुकान उघडलं, खुर्चीत बसला, समोरच्या टपरीवर चहा सांगितला आणि चहा यायच्या आत सगळं संपलं, एवढंच त्याला ठाऊक होतं. मी बांगड्यांचे पैसे दिले, घरी येऊन बायकोच्या हातात पिशवी ठेवली आणि मगच मला रडू आलं. रत्नागिरीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आज या गोष्टीला दीड महिना झाला. गावातले लोक सदानंदला ओळखतात ते रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा, वडिलांची आंब्याची बाग नेकीने सांभाळणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस म्हणून. शोकसभेतही तेच बोललं गेलं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पण या माणसाने ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत रॉक बँड चालवला होता, हे कोणी बोललं नाही. बोलणार कोण? इक्बालला सभेत बोलता येत नाही आणि मी मागच्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. का, ते पुढे येईलच.

इक्बालचे मामा बोटीवर होते. दर खेपेला घरच्यांसाठी साबण, अत्तर आणि भाच्यासाठी दोन-चार कॅसेटी आणायचे. त्यांच्यावर ना चित्र ना नाव. कुठल्याशा बंदरात कोणीतरी भरून दिलेल्या असाव्यात. गाणं कोणाचं, कुठल्या देशाचं, काही पत्ता नाही. म्हणून आम्ही गाण्यांना नंबर दिले. आमच्यात आजही "तीन नंबर" म्हटलं की इक्बालचा पाय आपोआप हलतो. आम्ही तिघं एकाच कॉलेजात. सदा गिटार वाजवायचा, इक्बाल ड्रम आणि मी गायचो. इंग्रजी शब्द कळायचे नाहीत, तेव्हा कानाला जसे लागतील तसे मी ते देवनागरीत उतरवून घ्यायचो. आमच्या इंग्रजीच्या सरांनी एकदा ती वही पाहिली, दोन पानं उलटली आणि ही कुठली भाषा म्हणून अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

तालमी सदाच्या वडिलांच्या आंब्याच्या शेडमध्ये. त्यामुळे आमच्या संगीताचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं आणि मार्चमध्ये संपायचं. एप्रिल-मे शेडमध्ये पेंढा, पेट्या आणि बागेतली माणसं... तिथे गाणं काढलं असतं तर सदाच्या वडिलांनी आम्हालाच पेटीत भरून मुंबईला रवाना केलं असतं. शेडमध्ये प्लग एकच. त्यावर लाऊडस्पीकरवाल्याकडून आणलेला ॲम्प्लिफायर चालायचा, म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर. गिटारला लावायचं यंत्र सदाने जुन्या रेडिओच्या भागांतून स्वतः जमवलं होतं. इक्बालचा मोठा ड्रम लग्नाच्या बँडवाल्यांनी टाकून दिलेला. बँडचं नाव ठेवलं 'जांभा', आमच्या पायाखालचा दगड म्हणून. नाव गावात पसरल्यावर एका मुलीचे वडील वरातीची तारीख घेऊन आमच्याकडे आले आणि पोशाख कुठल्या रंगाचे आहेत ते विचारू लागले. सदाने त्यांना बसवून चहा पाजला आणि खऱ्या बँडवाल्यांचा पत्ता दिला.

आता माझं सांगतो. माझा आवाज खालच्या पट्टीत बरा होता, अगदी भरदार. पण कॅसेटीतले ते गाणारे बाप्ये कुठल्या कुठे चढायचे. तिथे पोचताना माझा गळा फाटायचा, डोळे बाहेर यायचे. मी सकाळी उठून रियाज करायचो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायचो, ज्येष्ठमध चघळून जीभ गोडमिट्ट व्हायची. उपयोग शून्य. त्यात पुण्याहून बदलून आलेल्या एका साहेबांचा मुलगा आमच्या वर्गात आला. तो वरच्या पट्टीत असा गायचा की ऐकत राहावं. मार्चमधल्या शेवटच्या तालमीनंतर इक्बाल मला म्हणाला, "विन्या, वाईट वाटून घेऊ नको. पण हंगाम संपल्यावर त्याला एकदा गाऊन बघू दे." इक्बाल चूक बोलत नव्हता, हेच जास्त लागलं. मी घरात तिसरा, अभ्यासात मधला, खेळात काठावरचा. 'जांभा'चा गायक हीच काय ती माझी ओळख होती आणि ती जाणार हे मला दिसत होतं. सदाने टेपरेकॉर्डर उचलून बगलेत मारला आणि साफ करायला झालाय म्हणून घरी घेऊन गेला.

तो अख्खा हंगाम मी गळ्यावर काढला. जून उजाडला, शेड रिकामी झाली, पेंढ्याचा वास तेवढा राहिला. सदाने टेप लावला. आवाज पूर्वीपेक्षा जड, घुमल्यासारखा वाटला. विचारलं तर म्हणाला, हेडवर किती मळ बसला होता, आता खरा आवाज कळतोय. मग गिटारच्या तारा टेपशी जुळवून घेतल्या आणि मी गायलो... आणि पोचलो. जिथे मार्चमध्ये गळा फाटत होता तिथे मी आरामात जाऊन उभा राहिलो. इक्बाल ड्रमच्या मागून उठून आला आणि त्याने मला मिठी मारली. पुण्याच्या मुलाचा विषय संपला. पुढची दोन वर्षं मी भेटेल त्याला ज्येष्ठमधाचे गुण सांगत हिंडलो. कॉलेजच्या संमेलनात एका नवख्या मुलीला रियाज कसा करावा यावर मी अर्धा तास व्याख्यान दिलं. सदा शेजारी बसून शेंगा सोलत होता. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

आणि खरं सांगतो, त्या दोन वर्षांतच 'जांभा' हा 'जांभा' झाला. ती गाणी संथ होती, खालच्या अंगाची होती. सैल तारा खडखडतात म्हणून सदाने जाड तारा चढवल्या, त्यामुळे गिटारला एक खरखरीत घुमारा आला. चाल एवढी सावकाश म्हटल्यावर इक्बालला दोन ठोक्यांच्या मध्ये भरपूर जागा मिळाली. लहानपणापासून शिमग्यात ऐकलेला पालखीचा ढोल त्याने तिथे आणून बसवला. मग परक्या गाण्यांतली आमची हौस कमी झाली आणि आम्ही स्वतःची रचू लागलो. शब्द माझे, चाल सदाची. एक गाणं शिमग्याला मुंबईहून घरी येणाऱ्या चाकरमान्यांचं होतं: 'पालखी आली दारात, रजा उरली चार'. देवरूखला एका गणपतीत ते वाजवलं. पुढे बसलेली पोरं चुळबुळत होती, पण मागे डोंगराकडच्या गावांतून आलेली मंडळी उभी राहिली. एक म्हातारे कार्यक्रमानंतर आत आले, इक्बालचा ड्रम हाताने चाचपला आणि म्हणाले, "पोरांनू, ह्यो तर आमच्या पालखीचा ढोल हाय. त्येला हिकडं कुनी आनलान?" एवढी मोठी पावती आम्हाला पुन्हा कधी मिळाली नाही.

तिसऱ्या वर्षी कोल्हापूरला कॉलेजांची स्पर्धा होती. पहिलं गाणं परकं आणि दुसरं स्वतःचं, असा नियम. आमच्या आधी पुण्याचा संघ होता आणि त्यांनी नेमकं आमचंच तीन नंबर धरलं. धरलं म्हणजे काय, पळवलं. आमच्यापेक्षा किती तरी जलद आणि वरच्या पट्टीत. मी इक्बालच्या कानात म्हणालो, पुणेकरांना घाई फार. मग सांगलीची मुलं आली. त्यांनीही तेच गाणं घेतलं, त्याच वेगात, त्याच पट्टीत. आमची पाळी आली, आम्ही आमचं तीन नंबर वाजवलं आणि सभागृहात आधी कुजबुज, मग हसू. एक परीक्षक चांगला माणूस होता. खाली उतरल्यावर त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "मूळ गाण्यापेक्षा दोन सूर खाली का गाता? ठरवून केलंय?" मी सदाकडे पाहिलं. तो गिटार पिशवीत घालत होता आणि वर बघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परतलो. गाडी आंबा घाट उतरली. मग सदाने स्वतःच सांगितलं. टेपरेकॉर्डरच्या मोटारीला मागे एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की टेप हळू चालतो आणि आवाज खाली येतो. त्या आंब्याच्या हंगामात त्याने तो फिरवला होता, माझा गळा जिथवर जातो तिथवर. म्हणजे ज्येष्ठमध खोटा, गुळण्या खोट्या, मी दिलेलं व्याख्यान खोटं. भीक घातल्यासारखी ती जागा त्याने मला दिली होती, असं मी त्याला भर एसटीत म्हणालो. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. त्याला यात रागावण्यासारखं काय आहे तेच कळेना. म्हणाला, "तुला वर जाता येत नव्हतं, मग गाणं खाली आणलं. त्यात काय झालं, विन्या?" मी साखरप्याला उतरलो. माझं तिथे काहीही काम नव्हतं. पुढच्या गाडीला दोन तास होते आणि ते मी स्टँडवर ताठ मानेने उभं राहून काढले. मूर्खपणाला उपाशीपोटीही ऐट असते.

'जांभा' त्या दिवशी संपला. पुण्याचा मुलगा तयार होता, पण सदाने पुन्हा तालीम लावलीच नाही. मला बँकेत नोकरी लागली, बदल्या झाल्या. इक्बाल मामांच्या वाटेने बोटीवर गेला आणि हल्ली परतून रत्नागिरीच्या राजिवड्यात राहतो. सदाशी माझं भांडण असं राहिलं नाही. एकमेकांच्या लग्नांना गेलो, मुलांच्या बारशांना बोलावलं, दर वर्षी त्याच्याकडून आंब्याची पेटी आली आणि मी पोच कळवली. तो अधूनमधून म्हणायचा, ये की रविवारी, बसू जरा. मी म्हणायचो, येतो. बसू म्हणजे गाणं काढू, हे मला कळत होतं आणि म्हणूनच मी कधी गेलो नाही. मी गाणं सोडलं होतं. घरात, आंघोळीला, गणपतीच्या आरतीलासुद्धा मी नुसते ओठ हलवतो. अपमान झाला म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं कारण वेगळं होतं, गायलो असतो तर एक गोष्ट कबूल करावी लागली असती. इतकी वर्षं मला त्याला एकच वाक्य सांगायचं होतं, की सदा, त्या दोन वर्षांएवढा सुखी मी पुढे कधी झालो नाही. ते तोंडातून निघालं नाही. आता मला त्याची लाज वाटते आणि वाईट त्याहून जास्त वाटतं.

गेल्या रविवारी सदाच्या घरी सुनंदावहिनींना, त्याच्या बायकोला, भेटायला गेलो. चार वाजले होते. बोलत होतो तेवढ्यात दारात तीन मुलं आली, खांद्यावर गिटारी. सदा रविवारी मुलांना शिकवायचा, हे मला ऐकून माहीत होतं. वहिनी म्हणाल्या, "वर्ग बंद झाला म्हणून त्यांना कोणी सांगितलंच नाही, आणि मलाही सांगवत नाही. येतात, वाजवतात, जातात." आतल्या खोलीत भिंतीवर सदाची गिटार होती. त्यांतल्या दहावीतल्या मुलीने ती काढली, आपली तिच्याशी जुळवली आणि छेडली. मी दचकलो. तारा सैल होत्या, जाड होत्या. मी विचारलं, एवढ्या खाली का लावतेस? तिला या प्रश्नाची सवय असावी. म्हणाली, दुसरे शिक्षकही विचारतात, पण सर वर घेऊ द्यायचे नाहीत. "सर म्हणायचे, माझा एक मित्र यायचाय गायला. त्याला वर जात नाही."

मी वहिनींकडे बघितलं. त्या दाराशी उभ्या राहून पदराने हात पुसत होत्या. म्हणाल्या, "भावजी, लग्न झाल्यापासून ऐकत्ये मी हे."

मुलगी विचारत होती की तुम्ही ओळखता का सरांच्या त्या मित्राला. मी सतरंजीवर बसलो आणि तिला विचारलं की चाकरमान्यांचं ते गाणं सरांनी शिकवलंय का. तिने मान हलवली आणि सुरुवात केली, संथ, त्याच्याच हाताने वाजवावं तसं. पहिली ओळ माझी चुकलीच. दुसऱ्यांदा ती फिरून आली तेव्हा मी धरली. आवाज म्हातारा झालाय, मध्ये कफ आला, एका कडव्याचे शब्द मलाच आठवले नाहीत, ते त्या मुलीने सांगितले... पण गाणं शेवटपर्यंत गायलो. वर कुठे जावंच लागलं नाही.