घोडीखालचा पुठ्ठा

निवृत्तीनंतर मी मेंडोलिन शिकायला घेतले, ही गोष्ट अजूनही फारशा लोकांना सांगत नाही. बेटमा या जवळच्या गावातल्या एका भजनी मंडळाने नवे वाद्य घेतले, तेव्हा त्यांचे जुने मेंडोलिन माझ्याकडे आले. विजय नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी ते खोलीचे दार लावून वाजवीत असे. तरीही ते पत्नीच्या कानांवर जाई, आणि ती सोसायटीच्या भजनी मंडळात गाते. दिवाळी पहाटेला एका माळवी भजनाची साथ मी करायची, असे तिने परस्पर ठरवून टाकले. मी होकार दिला नव्हता. नकार द्यायला मात्र उशीर केला होता.

दसरा झाला आणि वाद्य झणझणू लागले. दांडीवरच्या धातूच्या कुठल्याही आडव्या पडद्यावर तार दाबली की स्वराच्या पाठोपाठ बरणीत अडकलेल्या माशीसारखी गुणगुण उठे. बोटेच बिघडली, ही माझी पहिली समजूत. उशिरा शिकू लागलेल्या माणसाला दोष शोधण्यासाठी स्वतःपासून फार लांब जावे लागत नाही. दोष बोटांचा असेल तर कार्यक्रमातून नाव काढून घ्यायचे, असे मी ठरवले आणि पत्नीला तसे सांगितले.

"मिळाला का बहाणा!" ती म्हणाली. "अहो, शुक्रवारी कार्यक्रमपत्रिका छापायला जातेय. तोवर सांगा, कापते नाव. उसके बाद नो चेंज."

भीती होतीच, पण भीतीहून अधिक मला त्या आवाजाचे कुतूहल वाटू लागले. लहानपणी घरात तंबोरा होता. त्याच्या घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, तारेखाली सुताचा धागा सरकवून वडील जवारी जुळवीत. तिथे ती झणझण हवीशी असे, आणि धाग्याने तिला वळण लागे. तोच उपाय मी इथे केला. स्वराला सर्दी झाली. माशी होती तिथेच राहिली.

"जवारी लावताय? मेंडोलिनला?" दारातून पत्नी हसली. चेष्टा करताना ती मलाही इथल्या बोलीतले ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणते. "भिया, भजन आहे, बडा ख्याल नाही."

धागा काढून मी शांतपणे ऐकू लागलो. मोकळी तार छेडली, तर ती अगदी स्वच्छ बोलत होती. दाबली की गुणगुण, आणि तीही सगळ्या पडद्यांवर, सगळ्या बोटांना सारखीच. माझी बोटे इतकी शिस्तशीर कधीच नव्हती; चुकायची तर प्रत्येक निराळी चुकली असती. मी वाद्य खिडकीपाशी नेऊन आडवे धरले. दाबलेली तार पुढच्या पडद्यांच्या इतकी लगत होती, की मधून उजेडही जेमतेम येत होता. कंप पावताना ती त्यांना घासत होती. तारा खाली आल्या होत्या. पण कशाने?

"दसऱ्यापर्यंत तर बरं चाललं होतं," पत्नी म्हणाली. "पूजेच्या वेळी काय केलंत त्याचं?"

प्रश्न सहज होता. मला मात्र ती पूजा आठवली. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली कामाची साधने पुसून पुजतात. त्या वर्षी प्रथमच मेंडोलिन पाटावर मांडायचे होते, म्हणून मी त्याच्या सगळ्या तारा उतरवल्या. तेव्हा घोडी अलगद हातात आली होती. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी राहते. तिच्या पायांखाली काळवंडलेल्या पुठ्ठ्याच्या दुमडलेल्या चकत्या होत्या. मळ समजून मी त्या फेकल्या, आणि पॉलिशवर उमटलेल्या पायांच्या खुणांवर घोडी पुन्हा नेमकी बसवली. जागा अचूक होती. उंची गेली होती.

"म्हणजे तुमचा सूर सुक्या कचऱ्यात टाकलात," ती म्हणाली. "आता कचरागाडीमागे धावून फायदा नाही."

तुकोगंजच्या कार्यालयातली माझी व्हिजिटिंग कार्डे कपाटात पडून होती. त्यातले एक कापून मी दुमडले, तारा थोड्या सैल केल्या आणि घोडीच्या दोन्ही पायांखाली सरकवले. पातळ तारा स्वच्छ झाल्या, जाड्या अजून कुरकुरत होत्या. आणखी एक घडी घातली. गुणगुण गेली, पण तारा इतक्या उंच झाल्या की दाबताना बोटे दुखू लागली. मग पातळ तारांच्या बाजूची घडी काढून जाड्यांच्या बाजूची तेवढी ठेवली. कागदाची जाडी कानांनी मोजता येते, हे मला ठाऊक नव्हते.

मग ते भजन सुरुवातीपासून वाजवले. माशी गेली होती. एका ठिकाणी मात्र ती पुन्हा आली. तोच स्वर अनामिकेने घेतला, तर स्वच्छ. करंगळीने घेतला की गुणगुण. करंगळी पडद्यापासून फार मागे पडत होती.

"गेली का?" पत्नीने विचारले.

"एक राहिली. ती माझी आहे."

"मग नाव कापू?"

मी करंगळी पडद्याच्या जवळ नेऊन तार पुन्हा छेडली. आवाज कमी झाला. पूर्ण गेला नाही.

"राहू दे," मी म्हणालो.

"मग आता दार उघडं ठेवून वाजवा."

"उद्यापासून," मी म्हणालो, आणि दार अर्धेच लोटून घेतले.