मुद्देमालातली हलगी

ती घटना आठवली नाही असा माझा एकही पावसाळा गेला नाही. निजामाच्या राजवटीची ती अखेरची वर्षं. मी तेरणेकाठच्या एका ठाण्याचा अमीन, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार, होतो.

हद्दीतल्या एका गावात पुराची जुनी रीत होती. घाटावरच्या नंदीच्या पायाला पाणी लागलं, की हलगीवाल्यानं ठरावीक ठेका धरायचा. तो ऐकून नदीलगतचा कुंभारवाडा काही न विचारता लेकरं उचलायचा आणि टेकावरच्या देवळात जायचा.

त्या वर्षी भरदुपारी पूर आला. हलगी वाजली नाही. कुंभारवाड्यातली सात माणसं गेली.

हलगीवाला शिंदी पिऊन पडला होता, अशी खबर पाटलानं दिली. मी त्याला ठाण्यात आणवलं. जमादारानं हात चालवला, मी अडवलं नाही. शेवटी तो बोलला.

"म्या दारोदार पळालो, साहेब. ते हसले. म्हनले, तुझ्या तोंडाला कोन भितंय? हलगी वाजव, मग उठू."

"मग वाजवली का नाहीस?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "ती तुमच्याच ठान्यात हाय न्हवं."

मुद्देमालाची खोली मी स्वतः उघडली. चळवळीचे लोक वाद्यं वाजवून जमाव गोळा करतात, म्हणून गावोगावच्या हलग्या जप्त करण्याचा हुकूम उन्हाळ्यात आला होता. कोपऱ्यात ढीग होता. एका हलगीच्या चिठ्ठीवर त्याच गावाचं नाव होतं. ओलीनं कातडं सैल पडलं होतं. पंचनाम्यावर पंच म्हणून पाटील आणि खाली माझी सही. जप्तीच्या वेळी हलगीवाल्यानं पुराचं सांगितलं होतं, शिपायानं ते माझ्या कानावरही घातलं होतं. 'पावसाळ्यात बघू,' असं मी म्हणालो होतो.

तपास तिथंच संपला. अहवालात मात्र मी लिहिलं: हलगीवाला नशेत, कामावर गैरहजर. त्याला सहा महिने कैद झाली.

तो सुटल्यावर मी त्याला हलगी परत दिली. पावतीवर अंगठा उठवताना तो एवढंच म्हणाला, "दारुड्याच्या हलगीवर आता कोन उठंल, साहेब?"

पुढं पुराच्या बंदोबस्तावर मी अनेकदा गेलो. होड्या, दोर, याद्या सगळं नंतर बघायचो. आधी गावाला विचारायचो, तुम्ही कुणाचं ऐकून घर सोडता? एवढं शहाणपण मला त्या प्रकरणानं दिलं, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी भरली.

अहवालातली ती ओळ खोटी आहे. तो माणूस त्या दुपारी शुद्धीवर होता आणि कामावर हजर होता.