काळ्या वाळूचा उन्हाळा

माझ्या काचपेटीतली वाळू काळी पडायला लागली, त्या वर्षी मी जळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. आई आणि मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. खालच्या मजल्यावर घरमालक राहत; त्यांना सगळी गल्ली नाना म्हणे.

पेटीत समुद्राचं पाणी होतं, बोटाएवढे दोन निळे मासे होते आणि तळाला कोकणच्या सहलीतून आणलेली वाळू. पाणी माझा थोरला भाऊ सुरतेहून कॅनमध्ये भरून रेल्वेनं आणायचा. तिकडचा समुद्र गढूळ, म्हणून ते निवळू द्यायचं, गाळायचं, मगच पेटीत ओतायचं. खाऱ्या पाण्यातला जीव खानदेशात टिकत नाही, असं आमच्या विभागप्रमुखांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हटलं होतं. त्याच आठवड्यात मी पेटीसाठी काच कापून आणली.

वाळू मात्र मी फार जाड पसरली. उरलेलं खाणं, माशांची घाण तिच्यात मुरत गेली. वरून ती पांढरी दिसे. बाजूच्या काचेतून पाहिलं की खाली काळा थर. उन्हाळा चढला तसा नासक्या अंड्यासारखा वास सुटला.

नेमके तेव्हाच चोपड्याहून पाहुणे आले, मला बघायला. मुलगा, त्याचे वडील, काका. आईनं उदबत्त्या लावल्या होत्या, तरी मुलाच्या वडिलांनी नाकाला रुमाल लावला.

"ही पेटी लग्नानंतर इथंच राहील ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. माझ्याबरोबर येईल."

"तुम्ही नोकरी करा, आमची ना नाही. पण हा वास आमच्या घरात चालणार नाही."

"वास खालच्या वाळूचा आहे. ती साफ केली की जाईल."

"आणि नाही गेला तर?"

"तर पुन्हा साफ करीन."

मुलानं वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी घड्याळाकडे. पोहे तसेच राहिले. ते गेल्यावर आई म्हणाली, "दोन मिनिटं गप्प बसली असतीस तर काय झालं असतं?" मी म्हटलं, "मग तिथं जाऊन जन्मभर गप्प बसावं लागलं असतं."

संध्याकाळी नाना जिन्याशी उभे होते. "बठ्ठा घरमा वास भरी ग्या शे," ते म्हणाले. "आखाजीले मन्या पोरी येतीन. त्याना आगुदर ते काढी टाक, नाहीतं खोली सोड."

"वास काढते, नाना. पेटी नाही."

सगळी वाळू एकदम ढवळली असती तर खालचं विष पाण्यात मिसळलं असतं. म्हणून रोज वीतभरच जागा घ्यायची ठरवली. प्लास्टिकच्या बाटलीचा गळा कापून रबरी नळीला बसवला. तो वाळूत खुपसायचा, नळी तोंडानं ओढायची, वाळूसकट पाणी येताच बादलीत सोडायची. कधी अंदाज चुके आणि ते खारट, कुजकं पाणी तोंडात येई. थुंकायचं, चूळ भरायची, पुन्हा ओढायचं. बादलीतली वाळू पेटीतल्याच काढलेल्या पाण्यात खळबळून घ्यायची आणि निम्मीच परत टाकायची, म्हणजे थर पातळ राहील. माशांचं खाणं चिमटीवर आणलं. दुपारी पाणी तापू नये म्हणून काचेभोवती ओली फडकी गुंडाळायचे.

तरी एक मासा गेला. सकाळी उताणा तरंगताना दिसला. विभागप्रमुख म्हणाले, "मी सांगितलं होतं." मी म्हटलं, "दुसरा जिवंत आहे, सर," आणि तासाला निघून गेले. वर्गात पेशींचा धडा मी पुरा शिकवला.

घरी आई म्हणाली, "हा तरी सोडून दे बाई कुठंतरी."

"कुठं सोडू? मेहरूणच्या तलावात? गोड्या पाण्यात तासभर जगायचा नाही."

मी नळी लावली तेव्हा ती बादली धरायला येऊन बसली. त्यानंतर रोजच बसायला लागली, पदर नाकाला लावून.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी नाना वर आले. पेटीजवळ वाकले, हुंगलं, पुन्हा हुंगलं. तळाची वाळू आरपार पांढरी होती आणि मासा तिच्यावरून फिरत होता.

"हाऊ इथलुसा जीव," नाना म्हणाले, "आन एवढी मेहनत?"

"हो."

"तुन्ही मर्जी," ते म्हणाले आणि खाली गेले. खोली सोडण्याचं पुन्हा त्यांनी काढलं नाही. सणाला त्यांच्या लेकी मासा बघायला वर आल्या. धाकटीनं तर आपली थाळी तिथंच आणून पुरणपोळी खाल्ली.

चोपड्याचा नकार निरोप्याकडून आला. आई दोन दिवस रडली. मला वाईट वाटलं ते तिच्यासाठी.

पुढं मला धुळ्याला नोकरी मिळाली. एसटीत मांडीवर बरणीत मासा, पायाशी ओल्या वाळूची बादली. कंडक्टर म्हणाला, "ताई, वाळू तर आमच्या पांझरा नदीतही मिळते." मी म्हटलं, "ती चालत नाही," आणि बादली पायांनी घट्ट धरून बसले.